मेव्हण्याच्या हातातला दोर

हैबतरावाच्या पराक्रमाच्या गोष्टी मुळशी खोऱ्यात ज्याला त्याला पाठ होत्या. गिधाडकड्यावरून दोराला लोंबकळत त्यानं आग्या मोहळ कसं काढलं, हे पौडच्या बाजारात कुणीही हातवारे करून सांगे. त्या प्रत्येक गोष्टीत एक दोर होता. दोराला दोन टोकं असतात आणि वरचं टोक कुणाच्या तरी हातात असावं लागतं, हे मात्र सांगणाऱ्याच्या ध्यानात येत नसे आणि ऐकणाऱ्याच्याही.

वरच्या टोकाला कुशाबा असे.

करंजवाडीची रीतच तशी होती. मधासाठी कडा उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा. वळायचाही त्यानंच. रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण घालणाऱ्याला माणसं कळत होती. सख्ख्या भावाच्या हातात दोर देता येत नाही. त्याच्याशी बांधाचं भांडण असतं, आणि आपण कड्याखाली लोंबकळत असताना त्याला नेमका बांध आठवला तर पंचाईत. मित्राचं लक्ष कुठंही जातं. मेव्हण्याचं तसं नाही. दोर सुटला तर बहिणीचं कुंकू पुसणार आणि पोराबाळांसकट ती आपल्याच दारात येऊन बसणार, ही दोन्ही भयं त्याच्या मुठीत असतात. त्याहून घट्ट मूठ वाडीला माहीत नव्हती.

हैबतरावाच्या बायकोला, चंद्राबाईला, भाऊ एकच, त्यामुळं निवडीचा प्रश्न नव्हता. तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान कुशाबाला मिळाला होता. तेव्हा तो लाजून नुसता हात लावून बाजूला झाला. पुढं आयुष्यभर त्याला वाटत राहिलं, की तेव्हाच जरा जोरात पिळायला हवा होता.

कुशाबा जपून वागणारा माणूस. भाताच्या खाचराचा बांध तो निजायच्या आधी एकदा बघून येई आणि बघितला की नाही ह्याची खात्री करायला पुन्हा जाई. पौडला जाणाऱ्या एसटीत चढण्याआधी तो ‘पौडलाच जाती न्हवं?’ असं कंडक्टरला विचारी. ती गाडी दुसरीकडं कुठं जातच नसे. ‘थांबा’ हा त्याचा आवडता शब्द. वाडीनं त्याचं नावच थांबा ठेवलं होतं.

हैबतरावाला हा शब्द ऐकू येत नसे. एकदा श्रावणात भरल्या धरणात त्यानं पैजेवर उडी मारली. पैज एका कोंबड्याची होती. हैबतराव पोहत पलीकडं पोचला. कोंबडा अलीकडं राहिला आणि धोतरही अलीकडंच राहिलं. मग एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या काखेत धोतर घेऊन कुशाबाला धरणाच्या काठाकाठानं सगळा वळसा घालावा लागला. वाटेत भेटेल तो विचारी, “काय रं, पोहाया येत न्हाई व्हय?”

मधाचंही तेच. आग्या मोहळ काढायचं ते काळोखात. चुडीचा धूर द्यायचा, ठिणग्या खाली झडल्या की माश्या त्यांच्यामागं जातात. तेवढ्यात पोळं कापून डबा भरून गुपचूप वर यायचं. हैबतरावाचा बाप असाच मध काढीत आला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. हैबतरावाला ती पद्धत पटत नसे. अंधारात माश्यांना माणूस दिसत नाही हे खरं, पण खालच्या लोकांनाही दिसत नाही. म्हणून तो दिवसाउजेडी उतरे. लोक खालच्या शेतात येऊन बसत. हैबतराव निम्म्यावर गेला की दोरावरचा एक हात सोडून मुंडासं सारखं करी. खाली टाळ्या पडत. वर कुशाबा दोराचा आणखी एक वेढा हाताला घेई.

मागल्या खेपेला डोंगरावरची कारवी फुलली, तेव्हा ह्या मुंडाशानंच घात केला. हात सुटला, पाय सरकला, खांदा पोळ्याला लागला आणि सगळं मोहळ उठलं. खालची माणसं ओढ्यात, पेंढ्याच्या गंजीत, मिळेल तिथं शिरली. हैबतराव कसाबसा एका कपारीत चढला आणि तिथंच चिकटून बसला. डोळे सुजून मिटले होते. कुशाबानं दोर अंजनाच्या झाडाला बांधला, घोंगडी पांघरली, चूड पेटवली आणि त्याच दोरानं उतरला. दाजींच्या कमरेला दोर बांधून तो आधी स्वतः वर चढला, मग त्यांना ओढून घेतलं. ह्यातलं काहीही कुणी पाहिलं नाही, कारण सगळी वाडी डोक्यावर घोंगड्या घेऊन बसली होती.

शुद्धीवर आल्यावर हैबतराव लोकांना म्हणाला, “मेव्हण्यास्नी म्हणलं, या खाली, तुमालाबी मोहळ दावतो. लई दिस मागं लागलं हुतं.”

कुशाबाचे ओठ इतके सुजले होते, की त्याला तोंडच उघडता येत नव्हतं. सूज उतरेपर्यंत ही हकिगत पौड सोडून पिरंगुटाच्या पुढं गेली होती.

“ह्यो मानूस शूर हाय का येडा, मला ठरवताच येईना,” त्या दिवसांत तो बायकोला म्हणाला.

साळूबाई त्याच्या गालाला हळद लावत होती. “ठरवून काय करनार? दोर दोघांलाबी तेवढाच लागतो.”

साठ साली कारवी पुन्हा फुलली. ही सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळा होतो. त्या साली गिधाडकड्याला जागा मिळेल तिथं पोळी लटकली. हैबतराव आता पंचेचाळिशीपुढं गेला होता. पोट सुटलं होतं. बसल्यावर उठताना उजव्या गुडघ्यावर हात टेकावा लागे. हे चंद्राबाईला ठाऊक होतं आणि कुशाबाला. इतरांसमोर हैबतराव बसतच नसे.

त्यात भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याची पाहणी करायला विकास गटाचे कुणी मोठे साहेब येणार, असं ठरलं. सरपंच कोंडिबानं आपल्या ओसरीवर माणसं जमवली.

“सायबाकडं फोटूचं यंत्र हाय,” कोंडिबा म्हणाला. “आपल्या हैबतरावाचा फोटू काढायचा हाय त्येंला, मोहळ काढताना. भर दुपारी. उजेड पायजे म्हनं.”

“दुपारी?” कुशाबा म्हणाला.

“आन धूर नगं. धुरात हैबतरावाचं त्वांड दिसायचं न्हाई.”

हैबतराव खांबाला टेकून उभा होता आणि आपलं तोंड फोटोत कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणत होता.

“दाजी, थांबा,” कुशाबा म्हणाला.

ओसरीवर हशा पिकला. “आला थांबा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“हसा. पर कड्याला पोळी किती हायेत ती बघा आधी. दगूड अजून वला हाय, शेवाळ वाळलं न्हाई. बिनधुराचं, उन्हात, आन त्यात ह्येंचा गु—”

हैबतरावानं असं पाहिलं, की कुशाबानं गुडघा गिळला.

“मेव्हणं, भ्या वाटत आसंल तर डोळं मिटून दोर धरा,” हैबतराव म्हणाला. “मी खालनं सांगतो, कवा उघडायचं ते.”

“मी धरत न्हाई.”

ओसरी दचकली. सगळ्यांत जास्त दचकला तो कुशाबाच. पण शब्द निघून गेला होता.

“आवसंला चला,” तो म्हणाला. “दोर धरतो, चूड धरतो. तुमी वर बसा म्हणलात तर खालीबी मीच उतरतो. पर फोटूसाठी उन्हात न्हाई.”

“कुशाबा, आरं गावाच्या रस्त्याचा सवाल हाय,” कोंडिबा कळवळून म्हणाला.

“रस्ता मधानं व्हतो व्हय?”

“मधानंच व्हतो. तुला राजकारण कळत न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून कुशाबाला वाडीत तोंड काढणं मुश्कील झालं. पाणवठ्यावर एकीनं साळूबाईला विचारलं, “कारभाऱ्यास्नी बांगड्या कुटनं घेतल्या गं?” साळूबाई म्हणाली, “माज्याच हायेत. घट व्हत्यात, तवा दोर धरवंना.” आणि घागर उचलून चालू लागली. घरी येऊन मात्र तिनं घागर जरा आपटूनच ठेवली.

भिणं आणि जपणं ह्यांत फरक काय, असं कुशाबाला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. आपण भितो एवढं त्याला ठाऊक होतं. कड्यावर तो दर वेळी भ्यालेला असे. दाजींना भीती वाटत नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचीही आपणच बाळगतो, असा त्याचा समज होता. आजवर दोघांचं मिळून काम भागत आलं होतं.

इकडं ओसरीवर मेव्हण्याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायला हैबतराव तयार नव्हता. रीत मोडली तर मोहळ उठतं, अशी त्याची श्रद्धा. बिनधुराचं उन्हात गेल्यावरही ते उठतं, ह्यावर मात्र त्याची श्रद्धा नव्हती.

“दुसरं लगीन करा,” कुणीतरी सुचवलं. “बायकूसंगं मेव्हणाबी येतो.”

“त्याला आता सरकारची बंदी हाय,” कोंडिबा खेदानं म्हणाला.

शेवटी हैबतरावालाच सुचलं. भाऊ जन्मावाच लागतो असं कुठं आहे? मानता येतो. चंद्राबाईनं भाऊबीजेला एखाद्याला ओवाळलं, की झाला तो भाऊ. भाऊ झाला की आपोआप मेव्हणा झाला. आणि असा माणूस आयता येणारच होता. पौडचा इलाही दर दिवाळीला मध आणि मेण न्यायला डबे घेऊन वाडीत येई. तिशीचा, अंगानं दणकट, व्यवहाराला गोड. मध हवा तर दोर धरावा लागेल, असं सांगताच तो म्हणाला, “बाईंचा भाऊ व्हायला काय पुन्य लागतं, हैबतराव. कवा यिऊ?”

चंद्राबाई नाही म्हणेल, ह्या आशेवर कुशाबा होता. ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की तो तणतणत तिच्या परसात गेला.

“आक्का, तुला कळतंय का तू काय करतीयास?”

ती करंज्या तळत होती. “एक भाऊ हुता, आता दोन व्हत्यात. तुजं काय गेलं?”

“माजं काय जातंय! दाजी जात्यात माजं.”

“मी न्हाई म्हणलं तर ऐकत्याल?”

“न्हाई.”

“मग करंजी खा. आन उद्या येळंवर ये, पाट मांडून ठेवीन.”

भाऊबीजेला दोन पाट मांडले गेले. एकावर कुशाबा बसला, कपाळावर आठ्या घेऊन. दुसऱ्यावर इलाही बसला, टोपी नीट करून. चंद्राबाईनं दोघांना सारखंच ओवाळलं, सारखंच वाढलं. इलाहीनं ताटात लालभडक लुगडं घातलं. ते बघून कुशाबाला आपला चोळीचा खण फारच लहान वाटला आणि त्याचा राग आणखी वाढला.

“भाऊ,” चंद्राबाई इलाहीला म्हणाली, “तुमी बाजारातली मानसं, शिकलेली. मी आडानी. आमच्या धन्याला गुडघा धरतो, वाकल्यावर दम लागतो. मागल्या खेपेला डोळं मिटलं हुतं, ते चार दिस उघडलं न्हाईत. थोरली लगनाला आलीया. हे सगळं आता तुमच्या हाती. घ्या, आनकी एक करंजी घ्या.”

इलाहीनं करंजी घेतली. ती त्याला लवकर संपली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कड्यावर तिघं होते. कुशाबाला बोलावलं नव्हतं. पण घरी बसवेना, म्हणून तो आला होता, आणि आपण का आलो म्हणून स्वतःवरच चिडला होता. दोर त्यानंच पावसाळ्यात घायपाताचा वळलेला. तो आता इलाहीच्या हातात होता. हैबतरावानं कमरेला गाठ मारली. कुशाबानं पुढं होऊन ती सोडली, पुन्हा नीट मारली आणि मागं जाऊन उभा राहिला.

खाली शेतात सगळी वाडी जमली होती. साहेब यंत्र लावून तयार होते. इलाहीनं कड्यापाशी जाऊन खाली वाकून पाहिलं. एवढी वर्षं तो मध डब्यात बघत आला होता. पोळी त्यानं पहिल्यांदाच वरून पाहिली. सुपाएवढी, काळी, आणि त्यांच्यावरून मधूनच एक लाट सरकल्यासारखी जाई. ती माश्यांची होती.

“धूर न्हाई करायचा?” त्यानं विचारलं.

“न्हाई,” हैबतराव म्हणाला.

“आन रातच्याला का न्हाई काढायचा?”

“फोटू कसा निघंल रातीला?”

इलाही आणखी थोडं वाकला. गर्दीपासून जरा बाजूला, मोकळ्या खाचरात, एकटी बाई उभी होती. वरून तिचं तोंड दिसत नव्हतं. लालभडक लुगडं तेवढं दिसत होतं. काल ताटात पडलेलं लुगडं आज नेसून ती अशा जागी उभी होती, की कड्यावरून बघणाऱ्याला दुसरं काही आधी दिसूच नये.

इलाही मागं आला. दोर त्यानं जमिनीवर ठेवला.

“दाजी,” तो म्हणाला, “थांबा.”

कुशाबानं चमकून पाहिलं. कालपर्यंत हा माणूस ‘हैबतराव’ म्हणत होता.

“आरं, तू मधाचा यापारी,” हैबतराव भडकला. “आजवर कवा इचारलंस का, मध कसा काढला म्हून?”

“तवा मी बाईंचा कोन लागत नव्हतो.”

“मंग आता?”

“आता मला जमायचं न्हाई. मध गेला तर जाऊ द्या.”

“बायकांनो,” हैबतराव दोघांना म्हणाला, “मला तुमची गरज न्हाई.” त्यानं दोराचं मोकळं टोक उचललं, स्वतःच अंजनाला गुंडाळलं आणि कड्याकडं पाठ करून एक पाय खाली सोडला. खालून आरोळी उठली. लोकांना वाटलं, सुरू झालं.

कुशाबा थांबा म्हणाला नाही. कमरेच्या आकडीतला कोयता त्यानं काढला, दाजींचा दंड डाव्या हातानं धरून त्यांना कड्यावरून आत ओढलं आणि झाडापाशी दोरावर घाव घातला. एका घावात तुटला नाही. दोर चांगला वळलेला होता. दुसऱ्या घावात तुटला. मग त्यानं तो आणखी दोन ठिकाणी तोडला. अर्धवट राहिलेला दोर दाजी गाठ मारून जोडतील, अशी त्याला धास्ती होती.

गुडघ्यावर हात टेकून हैबतराव खाली बसला. चारचौघांत न बसणारा माणूस बसला. कमरेची चंची काढून तंबाखू मळायला लागला, तर चुना तळहातावर पडायच्या ऐवजी धोतरावर पडू लागला. हात थरथरत होते. दोर तुटल्यावर सुरू झालेली ही थरथर नव्हती. मघाशी कमरेची गाठ पुन्हा मारताना कुशाबाच्या हाताला ती लागली होती. तेव्हा ती आपलीच आहे असं समजून त्यानं सोडून दिलं होतं.

“दाजी, भ्या वाटत हुतं का?”

“येडा हायेस का.” धोतरावरचा चुना झटकत तो म्हणाला, “गुडघा सकाळपासनं कुरकुरत हुता.”

“मग सांगायचं.”

“कुनाला? खाली सगळा गाव बसलाय.”

कुशाबानं त्याच्या हातातली तंबाखू काढून घेतली, मळली आणि परत दिली. त्याला संताप आला होता. एवढी वर्षं ह्या माणसाची भीती आपण वाहतो असं तो समजत होता. दाजींची त्यांच्याजवळच होती. आपण वाहिली ती सगळी आपलीच.

पायवाटेनं तिघं खाली उतरले. निम्म्यावर येईपर्यंत हैबतराव लंगडत होता. माणसं दिसू लागल्यावर सरळ चालू लागला. तुटक्या दोराचे तुकडे त्यानं खांद्यावर घेतले होते.

“मेव्हण्यांनी दोरच तोडला,” तो साहेबांना म्हणाला. “मी उतरतच हुतो.”

साहेबांनी त्याचा तुकड्यांसकट फोटो काढला. कडेला कुशाबाचं कोपर आलं. साहेबांसाठी मध हवाच म्हणून इलाहीनं आपल्या डब्यातला काढून दिला. तो ह्याच वाडीतून गेल्या दिवाळीला नेलेला होता. ताज्या मधाची चव काही वेगळीच, असं साहेब म्हणाले. कुशाबाकडं वाडी पुढं कितीतरी दिवस बघत नव्हती.

कारवीचा मध पुढल्या अमावास्येला, धूर देऊन निघाला. बघायला कुणी नव्हतं. दोर साळूबाईच्या भावानं धरला, त्यावरून उतरलं कोण ते समजावं. दुसऱ्या दिवशी कुशाबाच्या कानाची पाळी सुजली होती. खोकल्याला म्हणून त्यातला मध कोंडिबा वाटीभर घेऊन गेला. कुणी काढला ते त्यानं विचारलं नाही.

पुढल्या वर्षी दिवाळी जवळ आल्यावर हैबतराव जेवताना सहज म्हणाला, की कोंडिबाचा थोरला पोरगा अंगानं बरा आहे, त्याला भाऊ मानायला हरकत नाही. चंद्राबाई बरं म्हणाली. भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं. मग भिवाजीला ओवाळलं. मग गेणबाला, मग खुद्द कोंडिबाला. अंगणात पाट पुरेनात तेव्हा पोती अंथरली. दोर धरण्याजोगा एकही बाप्या तिनं वाडीत मोकळा सोडला नाही. करंज्यांसाठी तांदळाचं पीठ कुशाबाच्या घरून गेलं. शेवटच्या पोत्यावर बसून कुशाबा ताटाची वाट बघत होता. आपण सख्खे, म्हणून शेवटी, हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर हैबतराव कड्यावरून उतरला नाही. त्याची कीर्ती काही कमी झाली नाही. पौडच्या बाजारात इलाहीच्या दुकानापुढं उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “आमाला थांबवायला एक मेव्हणा पुरत न्हाई. आख्खी वाडी मेव्हणं हायेत माजं, तवा कुटं थांबलो.”

कुशाबा शेजारीच उभा असे, डोक्यावर पोतं घेऊन. ऐकणारे हैबतरावाकडं बघत. गाडी येताना दिसली की कुशाबा पोतं खाली ठेवी, त्याची गाठ एकदा बघे, आणि मग दाजींना हाताला धरून पायरी चढवी. उजवा पाय आधी.